ओट्यावरचे यंत्र आणि मोरीतली बाई



गेल्या दोन-तीन महिन्यांत सांगली, मिरज, कुपवाड आणि साताऱ्याच्या भगिनींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. भांडी घासायचे ते लहान यंत्र, ज्याला डिशवॉशर म्हणतात, ते आपल्यासारख्यांच्या घरात चालेल का? स्वयंपाकघर आठ बाय सात, ओटा कडप्प्याचा, नळाला पाणी ठराविक वेळेला, घरात माणसे पाच, आणि मोरीत रात्री साडेनऊ वाजता खरकट्या भांड्यांचा ढीग. अशा घरात हे यंत्र शोभेचे होईल की कामाचे?

हा थोरामोठ्यांचा चोचला आहे, आपले काय काम, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावणे सोपे आहे. पुरुष मंडळी तसेच म्हणतात. मोटारसायकलीच्या हप्त्याला मात्र कोणी चोचला म्हणत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटे, असे तीत दिसले. २९९ मिनिटे म्हणजे पाच तास. कचेरीत आठ तास काम करून आलेल्या बाईला हे पाच तास कुठून काढावे लागतात ते तिलाच ठाऊक. तेव्हा या प्रश्नाचा विचार नीट, हिशेबाने व्हायला हवा.

प्रथम या यंत्राचे मूळ सांगते, कारण त्यात एक गंमत आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या जोसेफाइन कॉक्रेन या बाईंनी २८ डिसेंबर १८८६ रोजी या यंत्राचे पेटंट मिळवले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले आणि पहिली गिऱ्हाईके हॉटेले ठरली. बाई सुखवस्तू होत्या, भांडी स्वतः घासत नव्हत्या. नोकरांच्या हातून चिनी मातीच्या किमती बश्यांचे टवके उडत, म्हणून त्यांनी हा खटाटोप केला असे सांगतात. म्हणजे यंत्र जन्मले ते बश्या फुटू नयेत म्हणून, घासणारीच्या हाताला भेगा पडू नयेत म्हणून नव्हे. त्याचा वापर कोणासाठी करायचा हे मात्र आज आपल्या हाती आहे.

बश्यांसाठी जन्मल्यामुळे आपल्या ताट-वाटीशी त्याचे थोडे वाकडे आहे. दुकानात 'आठ प्लेस सेटिंग' असे सांगतात. एक सेटिंग म्हणजे तिकडच्या एका माणसाच्या बश्या, कपबशी, ग्लास आणि काटे-चमचे. त्यात आपली परात नाही, कढई नाही, कुकरचे भांडे नाही. म्हणून आठ सेटिंगचे यंत्र आठ माणसांचे, असे समजू नये. चार-पाच माणसांची रात्रीची ताटे, वाट्या, तांबे, पेले, पळ्या आणि एक-दोन पातेली एवढे त्यात बसते. माझा सल्ला असा की दुकानात जाताना पिशवीत आपले मोठ्यातले मोठे ताट, कुकरचे आतले भांडे आणि एक पातेले घेऊन जावे. दुकानदार हसेल, हसू द्या. यंत्राचे दार उघडायला लावावे, ताट उभे करून पाहावे, वरचा फिरणारा फवारा त्याला अडतो का ते हाताने फिरवून पाहावे. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतोच ना!

माप आधी घरी घ्यायचे. ओट्यावर बसणारी ही यंत्रे साधारण ५५ सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर खोल असतात. सहा सेटिंगचे सुमारे ४५ सेंटिमीटर उंच, आठचे सुमारे ६०. आपल्या ओट्याची खोली बहुधा दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर असते. मागे पाइपला जागा सोडली की यंत्र कडेपर्यंत येते. दार पुढे आणि खाली उघडते, तेव्हा समोर उभे राहायला जागा हवी. वरची मांडणी ओट्यापासून किती उंच आहे ते पट्टीने मोजा, डोळ्याने नको. भिंतीतल्या खुंट्यांवर तोललेला कडप्पा असेल तर गवंड्याला विचारल्याशिवाय वजन ठेवू नये, कारण यंत्र, भांडी आणि पाणी मिळून तीस किलोच्या आसपास भार होतो. ओट्यावर जागाच नसेल तर भक्कम लोखंडी स्टँड करून मोरीशेजारी ठेवता येते.

सांगलीकर भगिनींना इथे एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तळमजल्यावरची कपड्यांची यंत्रे, फ्रीज, सारे चिखलात गेले. जमिनीवर ठेवायचे मोठे यंत्र अशा वस्तीत घेऊच नये. ओट्यावरचे लहान यंत्र दोन माणसांना उचलून माळ्यावर किंवा शेजारच्या वरच्या मजल्यावर नेता येते. पाइप खोलायला पाना लागतो, तो यंत्राजवळच दोरीने बांधून ठेवावा.

आता पाणी. यंत्र चालेल की नाही हे कंपनीच्या नावापेक्षा पाण्यावर ठरते. नळाला ठराविक दाब नसेल तर आत पाणी पुरेसे येत नाही आणि यंत्र चुकीची खूण दाखवून थांबते. दाब 'बार' या मापात मोजतात. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून दहा मीटर वर असेल तर एक बार दाब मिळतो. आपल्या एकमजली घरात टाकी स्लॅबवर असते, म्हणजे ओट्याच्या नळापासून जेमतेम आठ-नऊ फूट वर. तेवढ्याने पाव बारच्या आसपास दाब होतो. यंत्राच्या पुस्तिकेत कमीत कमी किती दाब लागतो ते छापलेले असते. कुठे ०.३, कुठे ०.४. म्हणजे आपली घरे नेमकी काठावर आहेत. अपार्टमेंटमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचे तेच. यावर उपाय म्हणजे टाकीखाली चार-पाच फुटांचा कट्टा बांधणे किंवा लहानसा दाब वाढवणारा पंप बसवणे. कास तलावाचे पाणी उताराने साताऱ्यात येते हे खरे, परंतु त्या उताराचा भरवसा यंत्राला देता येत नाही. नळ येतो ठराविक वेळेला आणि यंत्र चालते तास-दोन तास, कधी तीन तास. म्हणून जोडणी नेहमी टाकीच्या पाण्याला करावी.

माझ्या माहितीतल्या एका नर्सभगिनीच्या घरी विक्रेत्याच्या माणसाने जोडणी सरळ रस्त्यावरून येणाऱ्या नळाला केली. पाणी गेले की यंत्र मध्येच थांबायचे आणि साबणाची भांडी तशीच आत. चार वेळा तक्रार केल्यावर तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या गावचं पाणीच असलं." गावच्या पाण्याला नावे ठेवण्याआधी गावचे पाणी कसे येते हे त्याने विचारायला हवे होते. पुढे तिने आपल्या ओळखीचा प्लंबर आणून टाकीच्या पाइपवर वेगळी तोटी काढून घेतली. त्यानंतर यंत्र सुरळीत आहे.

पाण्याचा जडपणा हा दुसरा मुद्दा. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरा थर धरतो, त्यावरून ओळखावे. अशा पाण्यातला चुना यंत्राच्या हीटरवर आणि काचेच्या पेल्यांवर बसतो. चांगल्या यंत्रात पाणी मऊ करायची सोय असते. तिच्यातले बारीक मणी चुना धरून ठेवतात आणि मीठ घातले की धुऊन पुन्हा ताजेतवाने होतात. हे मीठ भाजीत घालायचे नव्हे. आयोडीनचे बारीक मीठ त्यात अडकून बसते. त्यासाठी जाड, शुद्ध मीठ वेगळे मिळते. घेण्यापूर्वी विचारा की मीठ घालायची जागा आहे का. नसेल आणि घरी बोअर असेल तर ते यंत्र स्वस्तात मिळाले तरी महागात पडेल.

साबणही वेगळा. आपली वडी किंवा बाटलीतला द्रव घातला तर फेस दारातून बाहेर येतो. यंत्राची पावडर किंवा गोळी कमी फेसाची आणि तिखट क्षाराची असते. म्हणूनच ॲल्युमिनियमची भांडी आत घातली की काळी पडतात. तांबे-पितळ निस्तेज होते, लोखंडी तवा-कढई गंजते, लाकडी पळी-पोळपाट फुगते. आपल्याकडे कुकर बहुधा ॲल्युमिनियमचा. तो हातानेच घासायचा. स्टीलचे सारे चालते. तळाला करपलेले पिठले मात्र यंत्रालाही हार जात नाही, ते आधी भिजवून खरवडावे लागते. ताटावरची शिते आणि मिरचीची देठे केराच्या डब्यात टाकून मगच ताट आत ठेवायचे. मटणाच्या रश्श्याचा ओशटपणा मात्र साठ-सत्तर अंश तापलेल्या पाण्याने असा निघतो की हाताने कितीही घासून तसा निघत नाही.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. पाणी तापवायचा हीटर दीड-दोन हजार वॉटचा असू शकतो. मिक्सरच्या प्लगवर किंवा लांबवलेल्या वायरीवर तो चालवू नये. सोळा अँपिअरचा, तीन पिनांचा, अर्थिंग खरोखर असलेला प्लग हवा आणि तो पाण्याच्या सिंकवर किंवा यंत्राच्या मागे दडलेला नसावा. जुन्या चाळींत तिसरे छिद्र नुसते दाखवायला असते. वायरमनकडून ते तपासून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बोर्डावर बसवून घ्या. पाण्याजवळचे यंत्र आहे, यात चालढकल नको. गिझर आणि हे यंत्र एकाच वेळी लावू नये.

बाहेर जाणारे पाणी मोरीत सोडताना पाइपाचे तोंड साचलेल्या पाण्यात बुडू देऊ नये, नाहीतर घाण पाणी मागे ओढले जाते. पुस्तिकेत लिहिलेल्या उंचीवर पाइपाला वळण देऊन तो बांधून टाकावा. एका खेपेला साधारण आठ-दहा लिटर पाणी लागते. कंपन्या पाण्याची फार मोठी बचत सांगतात, ती वाहत्या नळाखाली घासणाऱ्यांसाठी. आपल्या बायका दोन बादल्यांत सारे उरकतात. आपली बचत पाण्याची थोडी, पाठीची आणि हातांची जास्त.

आता पैसा. माझे शिक्षण बी.कॉम., त्यामुळे ही वही उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मूळ किंमत रु. २०,००० असेल तर पूर्वी रु. २५,६०० पडत, आता रु. २३,६०० पडतात. दुकानदार "खास तुमच्यासाठी दोन हजार कमी" म्हणाला तर ते दोन हजार कोणी कमी केले ते विचारा. हिशेबापुरती यंत्राची किंमत रु. २४,००० आणि आयुष्य आठ वर्षे धरू, म्हणजे महिन्याला रु. २५०. एका खेपेला पाऊण युनिट वीज, दहा रुपये दराने साडेसात रुपये. पावडर, मीठ आणि चकाकीचा द्रव मिळून साडेदहा. एकूण अठरा रुपये, तीस दिवसांचे ५४०. दुरुस्तीला १०० बाजूला ठेवले तर सारे मिळून महिना रु. ८९०. हे आकडे मी धरलेले आहेत. आपल्या बिलावरचा दर आणि आपल्या दुकानातला भाव घालून पुन्हा मांडा. हप्त्याने घेणार असाल तर व्याजही मिळवा, 'बिनव्याजी' म्हणून लावलेले कागद करण्याचे शुल्कही मिळवा.

या ८९० रुपयांसमोर काय ठेवायचे? दुकानातला मुलगा चटकन म्हणतो, "मॅडम, बाईचा पगार वाचला. रोजची कटकट संपली." हे वाक्य मी तीन दुकानांत ऐकले. त्या मुलाला कल्पना नसते की समोर उभ्या असलेल्या बाईची आई, सासू किंवा बहीणच ती 'कटकट' असते.

आमच्या घरेलू कामगार भगिनींच्या बैठकीत सांगलीची एक ताई उभी राहिली. सकाळी सहा घरांची भांडी करते. तिने विचारले, "ताई, समद्यांच्या घरात ती मिशन आली तर आमच्या पोटाचं काय वो?" बैठक एकदम गप्प झाली. मला तयार उत्तर देता आले नाही आणि खोटा धीर द्यायचा नव्हता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या ओळखीच्या कित्येक बायांचा पगार पहिल्याच महिन्यात बंद झाला. फाटके उघडल्यावर काही घरांनी सांगितले, आता यंत्र घेतले आहे, येऊ नका. एक महिन्याची आगाऊ सूचना नाही की पगार नाही. दहा-दहा वर्षे त्या घरची भांडी घासलेली.

भांडे आणि पाणी यांचा आपल्या लोकांशी असलेला इतिहास सांगायला नको. साताऱ्याच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, तेथे शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्यांना पाणी मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आजही आडनाव विचारूनच भांड्यांना बाई ठेवणारी घरे आहेत, आणि तिच्या चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवणारीही आहेत. तिने घासलेल्या ताटात जेवायचे आणि तिचा कप वेगळा ठेवायचा! यंत्राला आडनाव नसते, म्हणूनच ते काही घरांना सोयीचे वाटत असेल, अशी शंका माझ्या मनात येते.

पण म्हणून यंत्रच नको, असे मी म्हणणार नाही. सहा घरची भांडी करणाऱ्या त्या ताईचे हात मी पाहिले आहेत. नखांच्या कडा सुजलेल्या, नखुरडे कायमचे, बोटांना भेगा, हिवाळ्यात त्यांतून रक्त. घरी गेल्यावर स्वतःच्या घरची भांडी सातव्या खेपेला वाट पाहत असतात. हे काम कोणाच्या तरी पोरीने पिढ्यान्‌पिढ्या हातांनी करतच राहावे, असा आग्रह धरण्यात मला भूषण वाटत नाही. मात्र काम जाणार असेल तर त्या बाईला वाऱ्यावर सोडता कामा नये. आपल्यातल्या ज्या शिकल्या-सवरलेल्या भगिनींच्या घरी आज भांड्यांना बाई येते, त्यांना माझे सांगणे आहे. यंत्र घ्या, पण त्याच बाईला ते लावायला, मीठ भरायला, जाळी धुवायला शिकवा. उरलेल्या वेळात स्वयंपाक, म्हाताऱ्यांची देखभाल असे जास्त मोलाचे काम त्याच पगारात नव्हे, वाढीव पगारात द्या. काम बंदच करायचे असेल तर महिनाभर आधी सांगा आणि महिन्याचा पगार हातात ठेवा. कायद्याने नोटिशीची सक्ती नसली तरी माणुसकीची आहे. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या घरेलू कामगारांची त्याखाली नोंदणी होते. आपल्याकडे येणाऱ्या बाईची नोंदणी झाली आहे का ते आजच विचारा. मालकिणीने कामाचा दाखला द्यायला कां-कू केली म्हणून नोंदणी अडल्याची उदाहरणे माझ्या वहीत आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरेलू कामगारांसाठी १८९ क्रमांकाचा ठराव केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

आणि आपल्या बहुतेक घरांत तर वेगळी बाई नाहीच. घासणारी बाई म्हणजे आपणच. तेथे त्या ८९० रुपयांसमोर रोजचा एक तास ठेवावा. महिन्याचे तीस तास. एका तासाचे तीस रुपयेसुद्धा होत नाहीत. परीक्षेला बसलेली मुलगी आईबरोबर रात्री मोरीत बसत असेल तर तो तास तिचाही आहे. यंत्र आले की ते भरायचे काम मात्र मुलाकडे आणि घरधन्याकडे द्यावे. बटण दाबता येते म्हणणाऱ्याला ताट उभे लावताही येते.

कुपवाडच्या एका भगिनीने भाड्याच्या खोलीबद्दल विचारले आहे. घरमालक नळ फोडू देत नाही, टाकी त्याच्या ताब्यात. त्यांच्यासाठी हाताने पाणी ओतायची लहान यंत्रे असतात. वरून साधारण पाच लिटर पाणी भरायचे, पाइपाचे तोंड बादलीत सोडायचे. त्यात तीन माणसांची ताट-वाटी बसते, पातेली नाही. बादलीतले ते पाणी संडासात वापरावे, तुळशीला किंवा कुंडीला घालू नये, त्यात क्षार असतो. खोली बदलताना यंत्र बरोबर नेता येते. सोळा अँपिअरचा प्लग मात्र मालकाला विचारून आधी बसवून घ्यावा, आणि त्याची पावती आपल्या नावाने ठेवावी, म्हणजे खोली सोडताना अनामत रकमेच्या वेळी ती दाखवता येईल.